टिकलीखालचा दिवा

आमच्या जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा शेवटची सहा वर्षं अर्ध्यावर होता. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी अर्ध्यावर, आणि गाडी भर म्हात्रे पुलावर कोरडीठाक होऊन थांबली तरी अर्ध्यावर. इतका स्थितप्रज्ञ काटा मी दुसरा पाहिला नाही. त्याच्याबरोबर माझं उत्तम चाललं होतं. पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा, अडीचशे झाले की पंप शोधायचा. चुकलंच तर डिकीत कॅन होताच.

काट्याच्या शेजारी इंजिनाच्या तक्रारीचा पिवळा दिवा होता. तो मात्र कायम पेटलेला. नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, “सेन्सर आहे साहेब. बडबड करतो. लक्ष नाय द्यायचं.” पण रात्री तो नेमका डोळ्यांत यायचा. एकदा कंटाळून हिने कपाळावरची काळी टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. त्या क्षणी गाडी दुरुस्त झाली. पुढे चार वर्षं आम्हाला कसलाही त्रास जाणवला नाही.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, मृतात्म्याबद्दल वाईट बोलू नये. २०१० सालची, चार दरवाज्यांची, पण अंगात दोन दरवाज्यांचा माज. टर्बो पेट्रोल, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जादा ताकद काढणारी. मायलेज हमरस्त्यावर अकरा, शहरात आठ, लक्ष्मी रस्त्यावर विचारू नये. पोट जमिनीला इतकं टेकलेलं, की सोसायटीच्या गतिरोधकावरून ती खेकड्यासारखी तिरपी घ्यावी लागे, आणि मागे तीन माणसं बसली असतील तर तेही जमत नसे. त्यामुळे सासूबाईंना दर वेळी गेटपाशी उतरून चालत आत यावं लागे. जावयाकडे स्पोर्ट्‌स कार आहे म्हणजे काय, हे त्यांना अशा रीतीने कळलं.

पण द्रुतगती मार्गावर किवळ्याच्या पुढे लागलं, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकली, आणि टर्बोला जाग आली, की पाठ सीटला चिकटायची. टर्बोला जाग मात्र जरा उशिरा यायची. आपण पाय दाबायचा, मग वाट बघायची. इंजिन आत फाइल हलवल्यासारखं करायचं, आणि ज्याला ओव्हरटेक करायचं तो टेम्पो लोणावळ्याला उतरून गेला की एकदम शक्ती मंजूर व्हायची.

पंधरा वर्षं झाली तेव्हा फेरनोंदणी आली, पर्यावरण कर आला, आणि त्यासाठी गाडी धडधाकट दिसायला हवी म्हणून मिस्त्रींनी एक चिठ्ठी लिहून दिली. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, टर्बोचा पाइप, चार कॉइल, पुढचे शॉकॲब्सॉर्बर, आणि सगळ्यात खाली ‘इतर’. इतरचा आकडा सर्वांत मोठा. एकूण बेरीज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त भरत होती. हिने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि काहीच बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा निर्णय झालेला असतो.

“इलेक्ट्रिक म्हणजे खेळणं गं,” मी म्हणालो. “सेल टाकायचे आणि चालवायचं.”

भाचा सोफ्यावर पडून मोबाइल बघत होता. मान वर न करता म्हणाला, “मामा, रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला ना, ती गाडी इलेक्ट्रिकच होती. १८९९ साली, पॅरिसजवळ. कामीय जेनात्झी नावाचा बेल्जियन माणूस चालवत होता.” त्या गाडीचं नाव काय, तर ‘ला जमे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान नसलेली’. हे नाव ऐकल्यावर मी चुकून हिच्याकडे पाहिलं. ते टाळायला हवं होतं.

चाचणीची फेरी मारायला गेलो तेव्हा सासूबाईही मागे बसल्या. शोरूमच्या मुलीने सांगितलं, सर, पाय हळू ठेवा. मी सवयीने दाबला. जुन्या गाडीच्या हिशेबाने आता अर्ज जाईल, टिपणी होईल, मग सही होईल. इथे पाय आणि गाडी यांच्यात मधे कुणी अधिकारीच नव्हता. आवाज शून्य, धक्का मात्र असा, की मागून “अगंबाई!” ऐकू आलं. वळून पाहिलं तर सासूबाईंचा चश्मा कपाळावर. “हीच घ्या,” त्या म्हणाल्या. “गेटवर उतरावं तरी नाही लागणार.”

घेतली. हिरवी पाटी, त्यावर पांढरे आकडे. जुनी गाडी कॉलेजातला एक मुलगा घेऊन गेला. त्याने काटा पाहिला नाही, टिकली पाहिली नाही, फक्त रेस करून आवाज ऐकला आणि डोळे मिटले. मला माझं तारुण्य दुसऱ्याबरोबर पळून जाताना दिसलं.

बॅटरी चाळीस युनिटची. हे चाळीस युनिट म्हणजे नक्की किती, म्हणून एका रात्री हिशेब मांडला. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. चाळीस भागिले नऊ. उत्तर पाहून मी उठून बसलो. “अगं, आपण पंधरा लाख देऊन साडेचार लिटरची टाकी घेतली!” भाच्याने दुसऱ्या दिवशी समजूत घातली, की पेट्रोलचं इंजिन पाऊण हिस्सा ऊर्जा नुसती तापण्यात घालवतं, मोटर तसं करत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी भरलेल्या शंभर रुपयांतले पंचाहत्तर पुणं गरम करण्यात गेले. समजूत पटली, पण झोप लागली नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. पार्किंगमध्ये चार्जर लावायचा तर सोसायटीची परवानगी हवी. सभेत आमचा विषय क्रमांक सात होता. विषय क्रमांक सहा कबुतरं होता, त्यावर सव्वा तास गेला. मग सगळे ताजेतवाने होऊन माझ्याकडे वळले.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, गाडी लावली की आमचा पंखा हळू फिरेल. खजिनदारांचं म्हणणं, ही वीज जिन्याच्या दिव्यांच्या बिलातून जाणार. मी सांगितलं, महावितरणकडून गाडीसाठी वेगळं मीटर मिळतं, बिल माझं मला येईल. यावर ते नाराज झाले. त्यांनी पुढचे तीन मुद्दे त्याच गृहीतावर लिहून आणले होते. चौथ्या मजल्यावरचे जोशीकाका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी फळ्यावर लोडचं गणित मांडलं, मधेच चुकलं, पुसलं, आणि निष्कर्ष तोच ठेवला.

“आणि आग लागली तर?” सेक्रेटरींनी विचारलं.

“काका, खाली पन्नास गाड्यांत पेट्रोल भरलेलं आहे.”

सभा क्षणभर गप्प झाली. मग सेक्रेटरी म्हणाले, “त्याची आपल्याला सवय आहे.” यावर उत्तर नव्हतं. सर्वानुमते उपसमिती नेमण्यात आली.

परवानगी यायला तीन महिने लागले. गाडी तीन आठवड्यांत दारात आली होती. मधल्या काळात वॉचमनच्या केबिनबाहेरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर, स्वतंत्र सबमीटर लावून, तात्पुरती सोय झाली. त्या प्लगने गाडी रिकामीची भरायची तर चौदा-पंधरा तास. म्हणजे रात्री आठला लावायची आणि सकाळी ऑफिसला जाताना अजून थोडी भूक शिल्लक आहे असं समजायचं. त्यात वॉचमनची चहाची इलेक्ट्रिक किटली त्याच प्लगवरची. गाडीपेक्षा किटलीची सेवाज्येष्ठता अधिक. रात्री दोनला माझा मोबाइल वाजायचा, ‘चार्जिंग थांबले आहे’. मी लुंगीवर खाली जायचो. वॉचमन कपभर चहा पुढे करायचा. त्या तीन महिन्यांत मी मध्यरात्रीचा इतका चहा प्यायलो, की दोघांपैकी एकाची तरी बॅटरी कायम भरलेली असे.

मिस्त्रींना गाडी दाखवायला घेऊन गेलो. हे आवश्यक नव्हतं, पण बारा वर्षांचा घरोबा. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं. तेल नाही, बेल्ट नाही, प्लग नाही, फिल्टर नाही. कुठेतरी हात घालावा म्हणून त्यांनी बोटाने एक नारिंगी वायर दाखवली आणि विचारलं, “ही?” मी म्हटलं, “तिला हात लावू नका, तीनशे व्होल्टच्या वर असतं.” त्यांनी हात मागे घेतला. मग वायपरच्या बाटलीत पाणी कमी दिसलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा उजळला. पाणी भरलं, बॉनेट अलगद लावलं. पैसे विचारले तर नको म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदाच. तिथून निघताना मला फार वाईट वाटलं.

एक सुख मात्र कबूल करायला हवं. उतारावर पाय काढला की मोटरच जनरेटर होते आणि बॅटरी भरते. सिंहगडावर भजी-पिठलं खाऊन खाली आलो, तर गोळेवाडीपाशी आकडा दोन टक्क्यांनी वाढलेला! पुणेकराला रस्त्याने पैसे परत दिले. मी पुढच्या तिन्ही रविवारी सिंहगडावर जायचा बेत सांगितला. “चढताना दहा गेले ते कोण मोजणार?” हिने विचारलं. प्रत्येक व्यवहारात असं खर्चाचं पान आधी उघडायची हिला खोड आहे.

बाकी कुठेही थांबा, कुणीतरी काका जवळ येतातच. प्रश्न चार. एका चार्जमध्ये किती जाते? चार्ज व्हायला किती वेळ? बॅटरी केवढ्याला? आणि आवाज खाली आणून, पावसात शॉक बसतो का? पहिल्या प्रश्नाला मी कंपनीचा आकडा सांगत नाही. तो लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखा असतो, टाचांसकट मोजलेला. कागदावर साडेचारशे असेल तर रस्त्यावर पावणेतीनशे धरावे.

तर, परवानगीची वाट पाहत असतानाच लग्नाचा पंचविसावा वाढदिवस पाचगणीला करायचा ठरला. आदल्या रात्री गाडी लावून झोपलो. दुर्दैवाने त्या रात्री मोबाइलही चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत ठेवला. सकाळी पाहतो तर ६४ टक्के. वॉचमन म्हणाला, “साहेब, पाऊस होता ना. दोनदा चहा ठेवला.”

सुरूरला वाटेत चार्जर आहे, काळजी नको, असं मीच हिला सांगितलं. राज्य सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली आहे, पण ती द्रुतगती मार्गाला, समृद्धीला आणि अटल सेतूला. आमच्या सातारा रस्त्यावर खेड शिवापूरला फास्टॅगने नेहमीसारखे पैसे घेतले. खंबाटकीचा चढ चढलो. सुरूर फाट्यापर्यंत ३२ उरले. चार्जर होता. मोबाइलवर तो ‘उपलब्ध’ही होता. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर सिमेंटची रिकामी पोती बांधलेली होती आणि पायथ्याशी कुत्रं झोपलेलं. ज्यांचा चार्जर त्यांच्या ॲपमध्ये माझे दोनशे रुपये अडकलेत. तसे पाच ॲपमध्ये मिळून हजारभर आहेत. मुदत ठेव समजतो.

“हॉटेलात चार्जिंग आहे ना?”

“विचारलंय. आहे म्हणाले.” कशाचं, ते मी विचारलं नव्हतं.

वाई ओलांडली, २८. पसरणीचा घाट लागला. मी एसी बंद केला. मग रेडिओ. मग हिचा मोबाइल गाडीच्या चार्जिंगवरून उपटला. २५. पुढच्या वळणाला २४. आकडा स्टिअरिंगसमोर दिसत होता, मधल्या मोठ्या पडद्यावर दिसत होता, आणि माझ्या मोबाइलवरही. “ही गाडी आहे का आयसीयू?” हिने काच खाली करत विचारलं. मी उत्तर दिलं नाही. बोलण्यात ऊर्जा जाते. २३. मी पुढे झुकून स्टिअरिंग छातीशी धरलं होतं, म्हणजे माझंही वजन गाडीला जरा पुढे ढकलेल.

“अहो, त्या गाडीत तीनदा पेट्रोल संपलं.”

“हं.”

“म्हात्रे पुलावर संपलं तेव्हा तर तुम्ही गात होतात.”

“तेव्हा कुठे माहीत होतं संपतंय ते!”

खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं, म्हणे. मी पाहिलं नाही. २२. २१. पाचगणी सहा किलोमीटर, गाडी म्हणते अजून पन्नास जाईल, आणि तरी माझ्या तळहाताला घाम. हिने एक सुस्कारा सोडला, पर्स उघडली, टिकल्यांचं पाकीट काढलं. एक समोर लावली, आकड्यावर बरोब्बर. दुसरी मधल्या पडद्यावर. माझा मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला. गाडीत एकदम शांत वाटलं. वारा आला. मला चक्क एक गाण्याची ओळ आठवली, मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डॅशबोर्डमधून एक गोड बाई इंग्रजीत म्हणाली, की बॅटरी वीस टक्क्यांवर आली आहे, जवळचं चार्जिंग स्टेशन शोधू का?

हिने पाकिटातून तिसरी टिकली काढली आणि डॅशबोर्डवरून हात फिरवत मला विचारलं, “हिचं तोंड कुठे आहे?”