ऑस्कर हवाय? मग आधी एक चांगला गोरा शोधा

तर तुम्हाला वर्णद्वेषावर ऐतिहासिक सिनेमा काढायचाय. छान. इतिहास येत नाही म्हणून घाबरू नका, उलट येत असला की अडचण होते, मला विचारा. आमच्या घरी परवाच इतिहासाच्या एका प्रोजेक्टला दहापैकी सहा मार्क पडलेत. का पडले ते खाली येईलच, आत्ताच सांगायला लागले तर माझं डोकं फिरेल आणि तुमचा सिनेमा राहून जाईल.

पहिलं काम म्हणजे एक चांगला गोरा शोधायचा. गोष्ट काळ्या लोकांची असली म्हणून काय झालं, प्रेक्षकाला कुणाच्या तरी खांद्यावर बसून जत्रा बघायची असते आणि तो खांदा गोरा असला की बसायला मऊ लागतो. वकील चालेल, पत्रकार चालेल, वरून खडूस पण आतून फणसाच्या गऱ्यासारखा बॉस मिळाला तर प्रश्नच मिटला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारा काळा नेता स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मारला गेला. त्याच्यावर १९८७ मध्ये 'क्राय फ्रीडम' आला. त्यात बिको मध्यापर्यंत आटोपतो आणि मग उरलेला सगळा वेळ त्याचा गोरा पत्रकार मित्र बायकापोरांसकट देशातून कसा निसटतो ह्याचीच धाकधूक. निसटतो हो, काळजी नको.

दुसरं, सरकारी खात्याला हिरो करा. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्या लोकांच्या मतदार नोंदणीसाठी राबणाऱ्या तीन पोरांना गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या कू क्लक्स क्लान टोळीवाल्यांनी मारून मातीच्या बंधाऱ्यात पुरलं, ४४ दिवसांनी प्रेतं सापडली. ह्यावरचा 'मिसिसिपी बर्निंग' १९८८ चा. त्यात कोण लढतं? एफबीआयचे दोन गोरे साहेब. आणि ज्यांची वस्ती जळतेय, ज्यांची चर्चेस जळतायत ते काळे लोक काय करतात, तर घाबरून बघतात आणि गाणी म्हणतात. खऱ्या आयुष्यात त्याच वर्षी त्याच एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंगच्या खोल्यांमध्ये लपूनछपून केलेलं रेकॉर्डिंग आणि सोबत एक निनावी पत्र त्याला पाठवलं होतं, सूर असा की बाबा रे आता तुझ्यापुढे एकच मार्ग आहे, काय ते समजून घे. हे सिनेमात टाकू नका. इंटरव्हलनंतर पब्लिकचा मूड जातो.

गाडी हवीच. १९९० मध्ये बेस्ट पिक्चर मिळालेल्या 'ड्रायव्हिंग मिस डेझी'त काळा माणूस गोऱ्या बाईची गाडी चालवतो, २०१९ मध्ये मिळालेल्या 'ग्रीन बुक'मध्ये गोरा माणूस काळ्या पियानोवादकाची चालवतो. तीसेक वर्षांत एवढी प्रगती. आणि पटकथा लिहायला ड्रायव्हरच्या मुलाला बसवा, पियानोवाल्याच्या घरच्यांना फोन करायची गरज नाही, ते रिलीजनंतर ओरडतात, तरी ऑस्करची भाषणं होतातच. ज्याच्या नावावर सिनेमा आहे ते खरं ग्रीन बुक हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या काळ्या पोस्टमनने १९३६ पासून काढलं, कुठल्या गावात काळ्या माणसाला जेवायला मिळेल, कुठे झोपता येईल, ह्याची यादी. म्हणजे केवढी मोठी गोष्ट पडलीय तिथे बघा! ती उचलू नका. ती गाडीच्या डॅशबोर्डवर राहू द्या.

हिरो दक्षिणेतला जमीनदार आहे आणि गुलामांची पंचाईत झालीय? शेतावर राबणाऱ्यांच्याच तोंडी घाला की आम्ही गुलाम नाही, मोकळे आहोत. 'द पेट्रियट'मध्ये १७७६ च्या साउथ कॅरोलायनात हेच केलंय. (इंग्रज मात्र त्यात अख्खं चर्च माणसांसकट पेटवून देतात. न घडलेलं दाखवायला जागा होती.)

परदेश आला की कॅमेऱ्याला पिवळा फिल्टर, सगळं पिवळंधमक दिसलं पाहिजे. कारण विचारू नका.

जो माणूस स्वतःच्या लढाईबद्दल स्वतः बोलू शकतो तो कापा. 'लिंकन'मध्ये अडीच तास गुलामगिरी संपवायची चर्चा चाललीय आणि स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला, लिंकनला व्हाइट हाउसमध्ये जाऊन सुनावणारा फ्रेडरिक डग्लस एका फ्रेममध्ये नाही. आपल्याला ह्याचं नवल वाटायला नको खरं तर. 'गांधी' हॉलिवूडचा म्हणायचा की ब्रिटिश हा वाद घाला हवा तर, पण आठ ऑस्कर, तीन तासांच्या वर लांबी, त्यात गोऱ्या पत्रकारांना भरपूर जागा आणि आंबेडकर नाहीत. चुकून गर्दीतसुद्धा नाहीत. १९३२ चा पुणे करार इथे येरवड्यात झाला, आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं, पण दिग्दर्शक ॲटनबरोसाहेबांना काही तो पत्ता सापडला नाही.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं जुनं झालं, हल्ली वारं फिरलंय. फिरलंय ना. 'द वूमन किंग'मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या लढवय्या बायका गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पेटून उठतात, त्यांचा राजा गेझो पण विचार करायला लागतो. खरा गेझो माणसं पकडून विकायच्या धंद्यावर राज्य चालवत होता आणि पुढची कित्येक वर्षं त्याने तो सोडला नाही. म्हणजे चुना तोच, भिंत दुसऱ्याची.

आता मेन टीप. पाटी.

सिनेमात एक 'कलर्ड' (म्हणजे काळ्यांसाठी वेगळं) लिहिलेली पाटी पाहिजे आणि ती चांगल्या गोऱ्याने स्वतःच्या हाताने तोडली पाहिजे. 'हिडन फिगर्स', २०१६. नासात गणितं करणाऱ्या काळ्या बायकांची गोष्ट, तेव्हा त्या बायकांनाच कॉम्प्युटर म्हणायचे. कॅथरीन जॉन्सन भर पावसात फायली छातीशी धरून लांबच्या 'कलर्ड' बाथरूमला पळतेय, मग साहेबाला म्हणजे नट केव्हिन कॉस्टनरला कळतं, तो येतो, दणादण घाव घालतो, पाटी खाली, एक कडक डायलॉग, टाळ्या. मी पण वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोलू. नंतर ज्या पुस्तकावर सिनेमा काढलाय ते मार्गो ली शेटर्लीचं पुस्तक वाचलं आणि हात आखडले. तो साहेबच मुळात खरा नाही, खऱ्या साहेबांना एकत्र मळून केलेला गोळा आहे. गोऱ्यांच्या बाथरूमवर पाटीच नसायची, त्यामुळे कॅथरीन जॉन्सन सरळ जवळच्या बाथरूममध्ये जायची आणि पुढे कुणीतरी हरकत घेतली तरी जातच राहिली. त्यांच्यातल्याच डोरोथी व्हॉनला १९४९ मध्येच सुपरवायझर केलं होतं, सिनेमात ती १९६१ मध्येसुद्धा त्याच पोस्टसाठी तोंड वेंगाडतेय. आणि जी खरी पाटी होती ना, ती होती कॅन्टीनमध्ये, टेबलावर, पुठ्ठ्याची, 'कलर्ड कॉम्प्युटर्स' लिहिलेली, चाळीसच्या दशकात. मिरियम मान नावाची छोटीशी बाई होती, तिने ती उचलली आणि पर्समध्ये टाकली. वरच्यांनी दुसरी आणून ठेवली, हिने तीही पर्समध्ये टाकली. नवरा म्हणायचा अगं ह्या पाटीपायी नोकरी घालवशील. तरी टाकतच राहिली, शेवटी पाटी यायचीच बंद झाली. डायलॉग नाही, म्युझिक नाही, पर्सची चेन ओढल्याचा आवाज फक्त. ह्याच्याहून भारी सीन कुणाला सुचणार आहे? आयता पुस्तकात लिहिलेला होता! तो टाकून दिला आणि साहेबाच्या हातात हत्यार दिलं. दिग्दर्शकाला छेडलं तर त्याचं म्हणणं, चांगलं काम कुणी केलं ह्याने काय फरक पडतो, झालं ना ते.

फरक पडतो हो. चार मार्कांचा पडतो.

लेक आठवीत आहे. शाळेने प्रोजेक्ट दिला, हा सिनेमा बघा आणि तिथला भेदभाव कसा संपला ते लिहा. पोरीने सिनेमाही बघितला, पुस्तकातलं पर्सचं पान माझ्याकडून समजूनही घेतलं, चित्रबित्र काढून नीट लिहिलं. मिसनी त्यावर लाल पेनाने काट मारली आणि शेरा दिला, 'पाटी बॉसने तोडली. चित्रपट लक्षपूर्वक पाहावा.' मीटिंगला पुस्तक घेऊन गेले तर हसून म्हणाल्या, अहो मॅडम, ऑस्कर नॉमिनेटेड आहे तो. मी म्हटलं पण तसं झालंच नव्हतं. तर म्हणे, सिनेमा आहे, इतकं काय मनावर घेता, थोडी लिबर्टी घेतातच.

सिनेमा आहे ना? मग इतिहासाच्या वहीत कशाला घुसवला? आणि घुसवला तर मार्क कुणाचे कापले, जिने वाचलं तिचे! मागच्या बाकावरच्या दोन पालकांनी पण मान हलवली वर, 'मेसेज चांगला आहे ना पण'. कसला मेसेज? की गप्प बसा, भिजत पळा, एक दिवस साहेब हत्यार घेऊन येईल? लाज वाटत नाही पोरींना हे शिकवायला? आणि तुम्ही पण, जे आत्ता हे वाचून हो हो करताय, तुम्हीसुद्धा तो पाटीचा सीन स्टेटसला ठेवला होतात आठ मार्चला, मी बघितलाय. पुस्तक मी तेव्हाच देत होते, तर म्हणालात वेळ नाही.

काल लेकीने विचारलं, आई, परत सबमिट करता येतंय, पर्सचं खोडून बॉसचं लिहू का, दहापैकी नऊ तरी मिळतील. वही माझ्याकडे काढून ठेवलीय.