‘बिझनेस इंटेलिजन्स’विषयी खुलासा
‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेतून निघालेले नवे तंत्र असून ते केवळ बड्या कंपन्यांच्या कामाचे आहे, असा संदेश नागपुरातील इतवारी-कळमन्याच्या व्यापाऱ्यांमध्ये फिरत आहे. त्यातील दोन्ही दावे चुकीचे आहेत. आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीचे संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्येच याच नावाच्या व्यवस्थेवर शोधनिबंध लिहिला होता. आजच्या अर्थाने, विक्री, साठा आणि उधारी यांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र करून, चुका काढून, निर्णयाला उपयोगी पडतील अशा मांडणे, हा ‘बिझनेस इंटेलिजन्स’चा गाभा आहे. कळमन्यातील अडत्याला कोणाकडे उधारी थकते, कोणत्या महिन्यात माल पडून राहतो, हे संगणकावरील साध्या तक्त्यातूनही दिसू शकते; मात्र नोंदीच अपुऱ्या असतील तर महागडे सॉफ्टवेअरही दिशाभूलच करील, आणि सर्वांत महत्त्वाची ही बाब त्या संदेशात नाही.