तिकीट कुठं काढायचं?

आई-बाबा लंडनला आले तेव्हा त्यांना हायगेटचं लॉडरडेल हाउस दाखवायला नेलं. वाडा 1582 सालचा. बाबा गिरगावातल्या खोताचीवाडी या जुन्या घरांच्या वस्तीशेजारच्या चाळीत वाढलेले. जुनं घर दिसलं की त्यांचा हात आधी लाकडावर जातो. तसा तो जिन्याच्या कठड्यावर गेला आणि त्यांनी विचारलं, "तिकीट कुठं काढायचं?"

तिकीट नव्हतंच. एका खोलीत पोरं गुडघ्यावर बसून रंगकाम करत होती, भिंतींवर चित्रांचं प्रदर्शन, खाली चहा. "म्हणजे आपल्या साहित्य संघासारखं," बाबा म्हणाले. मला ते फार आवडलं.

सर सिडनी वॉटरलो यांनी 1889 मध्ये हा वाडा भोवतालच्या बागेसकट लंडनकरांना देऊन टाकला. ज्यांना बाग नाही त्यांच्यासाठी बाग, असं म्हणून. 1963 मध्ये आग लागली, आणि वाडा पुढची पंधरा वर्षं बंद होता. 1978 मध्ये तो कलाकेंद्र म्हणून उघडला. जागा नगरपालिकेची, कारभार विश्वस्त संस्थेचा.

मला राहून राहून मलबार हिलवरचा अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला आठवत होता. त्यांचे भाऊ जमशेद भाभांनी तो एनसीपीए या मुंबईतल्या कलासंस्थेला दिला होता. 2014 मध्ये 372 कोटींना लिलाव झाला, 2016 मध्ये बंगला पाडला. पैसे कलेसाठीच हवे होते, हे मान्य. तरी ते चुकलंच, असं माझं ठाम मत आहे. वाद स्मारक की विक्री एवढ्यातच अडकला. तिथं रोज कुणाची तालीम रंगू शकली असती, हा विचार मागेच राहिला.

यावर घरच्या ग्रुपवर माझ्या मावसभावाचं उत्तर ठरलेलं: "तिकडं बसून बोलायला सोपं आहे. कौलं गळतात, वाळवी लागते, बिल्डर दारात उभा असतो. मालकानं काय करायचं?" त्याचं खरं आहे. खोताचीवाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती, आता निम्मीही नाहीत, आणि त्यासाठी मी एकाही मालकाला दोष देणार नाही. हेरिटेजचा शिक्का मारून खर्च मात्र त्याच्या माथी मारायचा, हा अन्यायच आहे. पण हायगेटची जमीनही स्वस्त नाही. तिथं ओझं नगरपालिकेनं उचललं. मुंबईला ते जमत नाही असंही नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेनं इतर संस्थांना सोबत घेऊन दुरुस्त केलं आणि 2008 मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडलं.

मग वाडीतलं एक घर, मालकाला बाजारभाव देऊन, महापालिकेनं का घेऊ नये? माडीवर तबल्याचा क्लास, ओट्यावर मुलांची चित्रं.

परतताना ट्यूबमध्ये आई-बाबांचं तेवढंच चाललं होतं: वाडीतल्या कुठल्या घराचा ओटा मोठा आणि कुणाच्या माडीवर पेटी ठेवायला जागा होईल.