शाई थोडी, गोंधळ फार

लाकडी खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या ठोकळ्यांनी, छापलेलं पोस्टर वाकडं आलं, अर्धंच उमटलं, तरी आमचं काही अडत नाही. खाली पेन्सिलीने १/१, म्हणजे एकुलती एक प्रत, असं लिहायचं आणि त्याला ‘प्रायोगिक’ म्हणायचं. ‘अगदी असंच अजून एक द्या’ असं कुणी म्हणालं की मात्र बोबडी वळते.

पहिली कटकट उंचीची. खिळ्याची ठरलेली उंची ०.९१८ इंच, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटर. हे जुन्या खिळ्यांना कुणी सांगायचं? खिळ्यांचं मेपलचं लाकूड कितीही टणक असलं तरी वर्षानुवर्षं दाब खाऊन झिजतं, आणि आधी झिजतात ती रोज राबणारी अक्षरं. इंग्रजी संचात ‘ई’ बसलेला आणि ‘झेड’ करकरीत! ओळ लावली की शाळेच्या ग्रुप फोटोसारखी दिसते. मग बुटक्यांच्या खाली टिश्यूचे तुकडे, एकेक थर, दर वेळी प्रूफ, म्हणजे चाचणीचा ठसा. तुकडा कागदामागे लावणं सोपं, पण त्याने फक्त दाब वाढतो. रोलर त्या अक्षरावरून तसाच कोरडा जातो. म्हणून थर खिळ्याखालीच हवा.

देवनागरीत यावर शिरोरेषेचा मानपान. दोन खिळ्यांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी रेषा तुटते. फट जावी म्हणून क्वॉइन (खिळे चौकटीत घट्ट धरणाऱ्या पाचरी) जास्त आवळले, तर ओळ मधोमध उचलली जाते. मग रेषा जुळते आणि दोन्ही टोकं फिकी पडतात.

आता शाई. नवशिक्याला वाटतं, ठसा फिका आला म्हणजे शाई कमी. तो ओततो, ‘क्ष’ची पोकळी बुजते, आणि गाठीचा गोळा होतो. काचेवर सुपारीएवढी शाई पुरते. ती रोलरने ताणायची, पातळ होईपर्यंत. आवाज ऐकायचा: बारीक चर्र झाली की बरोबर, पचपच झाली की कागदाने काढून टाका.

हातरोलरचं एक गणित दुकानदार सांगत नाही. व्यास ५ सेंटिमीटर असेल तर घेर जेमतेम १६. अक्षर २० सेंटिमीटरचं असलं की शेवटच्या ४ सेंटिमीटरला उरलीसुरली शाई मिळते, आणि तिथे आडवी पायरी दिसते. त्यामुळे पुन्हा शाई घ्या, दिशा बदला, रोलर उचलून थोडा फिरवा. तो कडेवरून घसरला तर काठावर शाईचा जाड थर बसतो. दोन्ही बाजूंना खिळ्याच्याच उंचीच्या पट्ट्या लावल्या की घसरत नाही.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे मुद्रक हेंड्रिक वेर्कमन यांनी रोलर थेट कागदावरही फिरवला आणि एकच कागद प्रेसमध्ये पुन्हा पुन्हा घातला. ते पाहून लोकांना वाटतं, हे आपल्यालाही जमेल. मग एकाच रोलरवर पिवळा आणि निळा! रोलर एकाच मार्गाने सरळ फिरवला तर मधे झकास हिरवा मिळतो. जरा आडवा गेला की दोन-चार प्रिंटांत सगळंच शेवाळी.

धुताना पाणी अजिबात नको, लाकूड फुगतं. चिंधीवर रॉकेल घ्यायचं, कोपऱ्यांना जुना टूथब्रश. तेलाची शाई जाड बसली असेल तर वाळायला दिवस लागतात, आणि प्रिंट एकावर एक रचले की खालच्याची शाई वरच्याच्या पाठीला लागते. म्हणून दोरीवर टांगायचे. तिथे येणारा प्रत्येक जण बोट लावून विचारतो, “ओलं आहे का हो?” असतंच. चिंधी त्यालाच द्यावी.