पान बारावरची नोटीस

आजच्या पेपरात पान बारावर, जप्त ट्रॅक्टरच्या लिलावाच्या आणि कुणाच्या तरी नाव बदलल्याच्या जाहिरातीच्या मधोमध बोटभर नोटीस आहे. 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चे कलम 37(1) अन्वये' अशी सुरुवात, आणि मग श्वास न घेता आलेलं एकच वाक्य. स.नं. अमुक पै. वरील 'खेळाचे मैदान' हे आरक्षण वगळून सदर क्षेत्र निवासी विभागात समाविष्ट करणे. म्हणजे मैदानासाठी राखून ठेवलेली जागा घरांसाठी मोकळी करणे. हरकती-सूचना राजपत्रात नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्यात द्याव्यात. राजपत्र कधी निघालं? छापलेलं नाही. शेवटची तारीख? तीही नाही. म्हणजे त्या महिन्यातले किती दिवस आधीच गेलेत, हे सामान्य माणसाने शोधत बसायचं.

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली हरकतीचं लिहिलंय तेवढं तरी वाचा.

विकास आराखडा, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी ते ठरवणारा नकाशा, येतो तेव्हा सगळे जागे होतात. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, त्यातल्या चुकांवर इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये 80 हजारांहून जास्त हरकती गेल्या. छान. पण आराखडा वीस वर्षांतून एकदा येतो. मंजूर झाला की आपण नकाशा गुंडाळून घरी जातो आणि खरा कारभार तिथून सुरू होतो. एक मैदान, एक उद्यान, एक शाळेचा भूखंड, असं एकेक करून कलम 37 खाली उचललं जातं. कायदा म्हणतो, आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही इतपतच फेरबदल करा. एका मैदानाने स्वरूप बदलत नाही. दुसऱ्यानेही नाही. एकूण किती गेली याची बेरीज कुणी करायची, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

हे होतं कसं, ते बघा. सर्वसाधारण सभेपुढे ठराव येतो. बहुतेक वेळा 'आयत्या वेळचा विषय' म्हणून, नाहीतर भलत्याच विषयाला जोडलेली उपसूचना म्हणून. 2022 पासून बऱ्याच महापालिकांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, तेव्हा तर आणखी सोपं झालं. प्रशासकाने आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि सभागृह म्हणून स्वतःच मंजूर करायचा. मग राजपत्रात नोटीस, पेपरात जाहिरात, महिनाभर हरकती, सुनावणी, अहवाल, मग फाइल शासनाकडे. शासन नगररचना संचालकांचा अभिप्राय घेतं आणि 37(2) खाली मंजुरी देतं. कागदोपत्री एकही पायरी चुकत नाही. बाधित व्यक्तींना वेगळी नोटीस द्यावी असंही कलमात आहे. पण बाधित कोण? जमीनमालक. त्या मैदानावर रोज खेळणारी पोरं बाधित धरत नाहीत.

आणि ते 'पै.' बघा जरा. पै. म्हणजे पैकी. सर्व्हे नंबर पाच एकरांचा असेल आणि आरक्षण त्यातल्या 40 आरवर, तर नेमका कुठला तुकडा हे नोटिशीत कळत नाही. चतु:सीमा नाहीत, आरक्षण क्रमांक आहे-नाही. नकाशा 'कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध'. तिथे गेलं की संबंधित टेबलावरचे साहेब साइटवर असतात.

मागच्या एका सुनावणीतल्या बाईंची आठवण यातूनच येते. निवृत्त शिक्षिका. मैदान उठवताना पालिकेने त्याबदली पर्यायी जागा दाखवली होती. बाईंनी भाग नकाशा (आराखड्यातला त्या भागाचा नकाशा) आणि पूररेषेचा नकाशा एकावर एक ठेवून दाखवला. पर्यायी जागा निळ्या रेषेच्या आत, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्यात, आणि तिच्यातला बराचसा भाग नाल्याचा. समोरचे अधिकारी म्हणाले, 'तुमचं म्हणणं नोंदवलंय, पुढचे.' दोन मिनिटंही झाली नसतील.

नंतर अहवालात त्यांच्या नावापुढे काय होतं? 'हरकत मान्य करता येत नाही.' कारण शून्य. नकाशा खोटा होता असं नाही म्हटलं, नाला नाही असं नाही म्हटलं. काहीच नाही.

आता मालकाची बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. वर्षानुवर्षं जमीन आरक्षणात अडकवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, हा अन्यायच आहे, मान्य. त्यासाठी कलम 127 आहे. आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जमीन विकत घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपतं, म्हणजे व्यपगत होतं. नुसता प्रस्ताव पुढे पाठवला म्हणजे पावलं उचलली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात 2007 सालीच सांगितलंय. तरीही फाइल विधी विभाग, भूसंपादन, लेखा अशी फिरत राहते आणि 24 महिने उलटतात. मग 'काय करणार, कायद्यानेच व्यपगत झालं' म्हणून हात वर. टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन जागा ताब्यात घेता आली असती का, हे कुणी विचारत नाही. खरेदी सूचना आल्याच्या दिवसापासून वेळापत्रक लावणं हे काय रॉकेट सोडणं आहे?

आपल्याकडेच नाही. गोव्यात 2023 मध्ये नगररचना कायद्यात कलम 17(2) घालून प्रादेशिक आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' भूखंडागणिक दुरुस्त करायची सोय केली. चूक कुठली, तर हिरवा पट्टा हिरवा राहिला ही. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले, पण त्यासाठी लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. बाईंनी कोर्टात जायला हवं होतं, असं म्हणणारे बरेच भेटतात. वकिलाची फी कोण देणार होतं?

असो. राग बाजूला ठेवतो, कामाचं सांगतो.

राजपत्राची विभागीय पुरवणी शासनाच्या संकेतस्थळावर असते. आधी नोटिशीची तारीख शोधा, तिथून महिना मोजा. नगररचना विभागात भाग नकाशाची प्रत रीतसर अर्ज करून, फी भरून मागा, मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. ठरावाची प्रतही घ्या, विषय आयत्या वेळी आला होता का ते तिथे कळतं. हरकतीत नोटीस क्रमांक, कलम, सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक आणि क्षेत्र चौ.मी. मध्ये लिहा. 'मुलांचं बालपण हिरावू नका' वगैरे लिहू नका, ते एका ओळीत उडवतात. आराखड्याच्या अहवालात मैदानांसाठी जी मापं धरली आहेत तीच काढा आणि तुमच्या भागात आत्ता प्रत्यक्ष किती आहे ते लिहा. पर्यायी जागा दाखवली असेल तर चारच प्रश्न विचारा: ती पालिकेच्या ताब्यात आहे का, पोचरस्ता आहे का, पूररेषेच्या बाहेर आहे का, सपाट आहे का.

'समक्ष सुनावणी मिळावी' हे वाक्य हरकतीत हवंच. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. ईमेल जरूर करा, पण शिक्क्याची सर त्याला नाही. सुनावणीत बोलायला वेळ मिळणारच नाही असं धरून लेखी म्हणणं तयार ठेवा, तिथेच द्या आणि त्यावरही पोच घ्या. बाईंच्या बाबतीत नेमकं हेच राहिलं. त्यांचा मुद्दा तोंडी झाला, नकाशा पिशवीतून परत घरी गेला आणि फाइलमध्ये नाला कधी आलाच नाही. वरच्या टेबलाने वाचायचं तरी काय?

सुनावणी झाली की दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अहवाल आणि संचालकांचा अभिप्राय मागा. तीस दिवसांत द्यावा लागतो. फाइल मंत्रालयात पडून असते तेवढ्यात हा कागद हातात आला, तर शासनाकडे थेट निवेदन देता येतं. मंजुरीची अधिसूचना निघाली की मग उरतं फक्त कोर्ट.

मी मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. तसाच झेरॉक्स मारून शंभर सह्या करू नका, एका छापाच्या शंभर हरकतींना एकच उत्तर देऊन मोकळे होतात. प्रत्येकाने आपली गल्ली, मैदानापासूनचं अंतर आणि आपला एक वेगळा मुद्दा घालायचा. राजपत्राची तारीख ज्याला आधी सापडेल त्याने इथे टाका, आणि सोमवारी शिक्का घ्यायला कोण कोण येतंय तेही सांगा.