लोही मीठुं छे

पावसाळा सरत आला आणि बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर गप्पांचा फड जमला की मला खास बोलावणं येतं. ते माझ्या गप्पांसाठी नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"या भाऊजी, असे मधोमध बसा," शेजारच्या वहिनी खुर्ची सरकवतात. "तुम्ही असलात की आम्हाला डास शिवतसुद्धा नाहीत."

मग बाकीचे सेवउसळ खातात आणि मी टाळ्या वाजवतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वर कोणीतरी छान गातंय.

खालच्या मजल्यावरच्या बेनचं निदान ठरलेलं: "काका, तमारुं लोही बहु मीठुं छे." म्हणजे माझं रक्त फार गोड. घरच्यांनी धसका घेऊन माझी साखर तपासून आणली. रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा मंडळी जराशी हिरमुसलीच. विश्वामित्रीतली मगर पुरात रस्त्यावर आली तर वनखात्याची माणसं धावत येतात, पेपरात फोटो येतो. माझ्या मदतीला येते ती चार्जिंग उतरलेली रॅकेट.

पुतणी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. तिने रक्ताचा मुद्दा एका वाक्यात निकालात काढला. "काका, चव नंतर. आधी वास!" डासाची मादी लांबूनच आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत निघते आणि जवळ आली की घामातलं लॅक्टिक ॲसिड वगैरे हुंगून गिऱ्हाईक पक्कं करते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लोकांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवले आणि ते डासांना हुंगायला दिले. 2022 साली निष्कर्ष छापून आला: ज्यांच्या त्वचेवर कार्बोक्सिलिक ॲसिडं जास्त, ते डासांचे लाडके. आणि पुढची काही वर्षं तेच लाडके राहिले. म्हणजे माझी या जन्मी सुटका नाही. मलेरियाच्या डासाला माणसाच्या पायांचा वास आणि लिम्बर्गर नावाचं उग्र वासाचं चीज सारखंच आवडतं, हे दाखवणाऱ्यांना तर 2006 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. ते ऐकून सौ.ने माझ्या चपला जिन्यात नेऊन ठेवल्या.

पण पुतणीचा खरा जीव डासांच्या चुलत घराण्यात, ब्लॅकफ्लायमध्ये. इवलीशी, काळी, पाठीत कुबड असलेली ही माशी वाहत्या पाण्यात वाढते आणि दिवसाढवळ्या चावते. सुई टोचण्याइतका शिष्टाचार तिच्यापाशी नाही. कातडी कापायची आणि साठलेलं रक्त चाटायचं. आफ्रिकेत तिच्या चाव्यातून शिरणाऱ्या जंतामुळे माणसं आंधळी होतात, तेव्हा हा भाग हसण्यावारी नेण्याचा नाही.

मी कान टवकारले ते पुढे. या माशा पकडायला नदीकाठी चक्क माणूस बसवतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात नळी. माशी पायावर बसली की ती चावायच्या आत नळीत घ्यायची. असा दिवस काढायचा, आणि त्याचे पैसे मिळतात! इथे गच्चीवर मला उसळसुद्धा गार झाल्यावर मिळते.

आता म्हणे माणसाच्या जागी सापळा आणायचं चाललंय. मेक्सिकोत आणि बुर्किना फासोत करूनही पाहिलं: चिकट लावलेलं कापड, त्याला कार्बन डायऑक्साइड आणि माणसाच्या वासाचं आमिष. त्या वासातलं माशांना भुलवणारं एक रसायन म्हणजे ॲसिटोफेनोन. ते सुगंधी द्रव्यांच्या धंद्यातही वापरतात. हे मी सौ.ला दोनदा वाचून दाखवलं. तिने मान वर केली नाही.

परवा पुतणी संकोचत म्हणाली, "काका, प्रोजेक्टसाठी तुमचा एखादा न धुतलेला बनियन मिळेल?"

आजवर तोच बनियन दोन बोटांच्या चिमटीत धरून बादलीत टाकणारी सौ. स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आली. "एकच कशाला? सगळे ने. आणि परत नाही आणलेस तरी चालेल हो."