ताट फिरतं का?

मायक्रोवेव्ह घ्यायचाय हे चारचौघांत बोलू नये, असं माझं आता पक्कं मत झालंय. कारण समोरचा लगेच विचारतो, "सोलो, ग्रिल की कन्व्हेक्शन?" (म्हणजे नुसता गरम करणारा, वरून भाजणारा की केकही करणारा?) आणि आपण खरं काय ते सांगितलं, म्हणजे "अहो नुसतं गरम करायला हवाय," तर तो दोन सेकंद गप्प बसतो आणि मग "अगं पण..." पासून जे सुरू होतं ते अर्धा तास थांबत नाही. नुसतं गरम करायला मायक्रोवेव्ह घेणं हे लोकांना वैयक्तिक अपमान झाल्यासारखं का लागतं देव जाणे. केक कोण करणार? बिस्किटं कोण भाजणार? आख्खी कोंबडी कोण भाजणार? (आमच्या घरात कोंबडी खाणारं कोणी नाही हे सांगून बघितलं, तर म्हणे "पुढेमागे खाल.")

मग मी एक उद्योग केला. ओळखीतल्या यच्चयावत कन्व्हेक्शनवाल्यांना एकच प्रश्न विचारायला लागले, की शेवटचा केक कधी केलात? एक मैत्रीण म्हणाली, "मागच्या घरात." दुसरीने "थांब हं, आठवते" म्हणून विषयच बदलला. एका वहिनींचा तर मी स्वतः उघडून बघितला, आत दोन बेकिंगचे ट्रे, केकचा साचा आणि ग्रिलचा उंच स्टँड असं सगळं छान रचून ठेवलेलं, आणि दूध गरम करायचं असेल तर आधी हा सगळा संसार बाहेर काढायचा, दूध गरम करायचं, मग परत आत. वहिनी म्हणाल्या, "त्यामुळे मी गॅसवरच करते." यानंतर माझ्या मनात शंका उरली नाही. पण घरातल्या बाकीच्यांच्या मनात भरपूर होत्या.

नवऱ्याचं म्हणणं, आपण टेक्निकली विचार करू. हे वाक्य आलं की मी चहा ठेवते, कारण वेळ जाणार असतो. त्याने सुरुवातच इतिहासापासून केली. म्हणजे 1945 साली रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या नळीजवळ, उभा होता आणि त्याच्या खिशातला चॉकलेटचा बार वितळला, मग त्याने मक्याचे दाणे ठेवून बघितले तर ते फुटले, मग अंडं ठेवलं तर तेही फुटलं, पण वेगळ्या अर्थाने. पुढे 1947 मध्ये जो पहिला ओव्हन बाजारात आला तो माणसाएवढा उंच होता, वजन तीनशे किलोच्या वर आणि थंड ठेवायला आतून पाणी फिरवावं लागायचं. ओट्यावर मावेल असा यायला 1967 उजाडलं. मी म्हटलं, बरं झालं आपण थांबलो.

सासूबाईंचा मुद्दा एकच होता, रेडिएशन. त्यांच्या मते त्यातून किरणं बाहेर येतात. नवऱ्याने समजावलं की आई, दाराच्या काचेत ती जाळी असते ना, तिची भोकं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, आणि मायक्रोवेव्हच्या लहरीची लांबी साधारण 12 सेंटिमीटर, त्यामुळे ती त्या भोकातून बाहेर पडूच शकत नाही. आणि दार उघडलं की क्षणात सगळं बंद होतं, त्यासाठी आत एक सोडून दोन-तीन स्विच असतात. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आतला दिवा कसा दिसतो रे?" मला वाटलं आता हा अडकला. पण नाही, म्हणाला, उजेडाची लहर त्याहून लाखो पटीने बारीक, म्हणून ती सुटते. "म्हणजे चाळणी," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. मला खरंच वाटतं की आख्ख्या इंटरनेटवर हे इतकं सोपं कोणी सांगितलेलं नाही.

विषय संपला असं आपलं मला वाटलं, कारण दुकानात गेल्यावर त्यांनी नवऱ्याला फोन आत ठेवायला लावला, दार बंद, आणि माझ्या फोनवरून कॉल. वाजला! आख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा वाजला. सेल्समनचा चेहरा पांढरा, दोन गिऱ्हाईकं वळून बघतायत, आणि सासूबाई माझ्याकडे "बघ" असं बघतायत. नवरा घाईघाईने सांगायला लागला की ही टेस्टच चुकीची आहे, फोनला सिग्नल इतका इतकासा लागतो की करोडोतला एखादा अंश आत गेला तरी तो वाजणार, त्यावरून गळती ठरत नाही, त्यासाठी वेगळं मीटर असतं आणि मर्यादाही ठरलेली असते, दारापासून 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅट. हे सगळं बरोबर होतं, पण फोन अजून आतच होता आणि वाजत होता. (कृपया हे घरी करू नका, म्हणजे मायक्रोवेव्ह चुकून चालू केलात तर फोन गेलाच.)

लेकीची मागणी सगळ्यात छोटी होती, तो चालू असताना वायफाय गंडायला नको. मी म्हटलं काहीही काय, त्याचा काय संबंध. तर संबंध आहे! मायक्रोवेव्ह चालतो 2.45 गिगाहर्ट्झवर आणि वायफायचा जुना बँडही 2.4 चाच, त्यामुळे राउटर शेजारीच असेल तर ती इतकीशी गळतीसुद्धा व्हिडिओ अडकवू शकते. उपाय म्हणजे 5 गिगाहर्ट्झचा बँड वापरायचा. हे तिने मला ज्या सुरात सांगितलं त्याबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.

आता माझा मुद्दा. मी घरून ताट घेऊन गेले होते. हसू नका. आमची रोजची जेवायची प्लेट 28 सेंटिमीटरची आहे, पट्टीने मोजलीय, आणि मला फक्त एवढंच हवं होतं की ती आत जावी आणि फिरावी. कारण लोक लिटरवर भांडतात, वीस घे, पंचवीस घे, बत्तीस घे, पण लिटर म्हणजे आतली हवा हो! हवा कोण गरम करतंय? उंच आणि अरुंद खोका केला तरी लिटर तेवढेच भरतात आणि प्लेट मात्र बाहेर. तर पिशवीतून ताट काढल्यावर सेल्समन म्हणाला, "मॅडम, यात तीनशे एक ऑटो कुक मेनू आहेत." मी म्हटलं, "ताट फिरतं का?" तो म्हणाला, "यात डिओडराइज पण आहे, आतला वास घालवायला." मी म्हटलं, "तेही फिरू दे, पण ताट?"

शेवटी मीच वाकून ठेवलं. 20 लिटरवाल्यात गंमत बघा, ताट अगदी मधोमध ठेवलं तर बसतं, भिंतीपासून दोन्हीकडे करंगळीसुद्धा जाणार नाही इतकी फट. पण जरासं बाजूला सरकलं की फिरताना कडेला अडतं. मग खाली काचेची थाळी फिरत राहते, वर आपलं ताट जागेवर खुरडत राहतं, खर्र खर्र असा आवाज. आणि फिरलं नाही तर काही उपयोग नाही, कारण आत लहरी भिंतींवर आपटून काही ठिकाणी जोरात आणि काही ठिकाणी अजिबात नाही अशा जमून बसतात, दर सहाएक सेंटिमीटरवर हा खेळ. म्हणून तर फिरवायचं. नाहीतर मग एका बाजूला जीभ भाजणार आणि त्याच ताटात दुसरीकडे फ्रिजचा गारवा शिल्लक. 23 लिटरवाल्यात आमचं ताट मस्त फिरलं. सेल्समनने काउंटरखालून थाळी आणि चाकांची रिंग आणून दिली म्हणून कळलं, कारण शोरूमच्या पीसमध्ये बहुतेक वेळा ती नसतेच, नुसता खोका उघडून बघायचा आणि कल्पना करायची.

एवढं झाल्यावर खरं तर बिल करायला हवं होतं. पण नवऱ्याने खोक्याच्या मागचं लेबल वाचायला घेतलं. त्यात दोन आकडे असतात म्हणे, एक भिंतीतून किती वीज ओढतो आणि दुसरा जेवणापर्यंत किती पोचते. 1200 वॅट ओढून 800 पोचवणं हे अगदी नॉर्मल आहे, बाकीचे मॅग्नेट्रॉन तापवण्यात, पंखा, दिवा आणि थाळी फिरवण्यात जातात. तेव्हा दुकानदार जेव्हा मोठा आकडा सांगतो तेव्हा "हा ओढायचा की द्यायचा?" हे विचारावं, ही त्याची शोधून काढलेली गोष्ट मला मान्य आहे. आणि इन्व्हर्टर मॉडेलबद्दलचंही. साध्यात तुम्ही निम्मी पॉवर लावली तरी मॅग्नेट्रॉन पूर्ण ताकदीनेच चालतो, फक्त थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, म्हणून मध्येच त्याचा गुरगुर आवाज थांबतो आणि आपल्याला वाटतं बिघडला. इन्व्हर्टरवाला खरोखर निम्म्यावर चालतो. लोणी वितळवायला, फ्रोझन वस्तू सैल करायला छान. आमच्याकडे लोणी ओट्यावर आपलं आपण वितळतं, तेव्हा तो मुद्दा बारगळला.

सेल्समनने शेवटचा प्रयत्न ग्रिलचा केला. "मॅडम, वरून छान ब्राउन होतं." हे मात्र खरं बोलला हं. साध्या मायक्रोवेव्हमध्ये काही खरपूस होत नाही, कारण तो पदार्थातलं पाणी तापवतो आणि पाणी असेपर्यंत पदार्थ शंभर डिग्रीच्या फारसा वर जात नाही, खरपूस रंगाला त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणून आदल्या दिवशीचं कुरकुरीत आत टाकलं की मऊ मेणचट होऊन बाहेर येतं. त्याला कुरकुरीत करायला कढई आहे आमच्याकडे. कढईत ताट फिरतंय की नाही हे बघावं लागत नाही.

राहता राहिली जागा. बाहेरची मापं, मागची वायर, शिवाय हवा खेळायला वर-मागे मोकळं सोडा असं प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि शोरूममध्ये कोणी सांगत नाही. नवऱ्याला तो फ्रिजच्या वर हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "आणि उकळता वाडगा मी डोक्यावरून उतरवू?" संपलं. मग ओट्यावर. ओट्यावर म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की याचं दार डावीकडे उघडतं आणि आमची मोकळी जागा नेमकी डावीकडे, म्हणजे गरम भांडं काढायचं आणि उघड्या दाराला वळसा घालून ठेवायचं. मी विचारलं, उजवीकडे उघडणारा दाखवा. सेल्समन माझ्याकडे अशा काही नजरेने बघायला लागला की ताट परवडलं. बटणं उजवीकडे असतात म्हणून दार डावीकडेच, मॅडम, सगळ्यांचंच. म्हणजे जगातल्या तमाम ओट्यांनी याच्या सोयीने वागायचं. घरी येऊन मिक्सर खिडकीपाशी गेला, मिक्सरच्या जागी पाण्याचं भांडं, पाण्याच्या भांड्याच्या जागी मायक्रोवेव्ह, आणि चमच्यांचा स्टँड अजून रोज नवीन ठिकाणी सापडतो.

घेतला तो 23 लिटरचा, सोलो, दोन गोल खटक्यांचा. एक पॉवरचा, एक वेळेचा. घड्याळ नाही, त्यामुळे लाइट गेली की बारा वाजल्याचं लुकलुकत बसत नाही. काम झालं की एकदा "टिंग" म्हणतो आणि गप्प. लेकीने त्याला "व्हिंटेज" म्हटलं. नवरा अजूनही माहितीपत्रक वाचतो, जे फीचर त्यात नाही त्याची पानंसुद्धा, कारण कंपनीने सगळ्या मॉडेलना मिळून एकच पुस्तक छापलंय.

फक्त त्या वेळेच्या खटक्यावर सुरुवातीची मिनिटं इतकी दाटीवाटीने कोंबलीयत की चाळीस सेकंद लावायचे कसे ते कळत नाही. पुस्तकात लिहिलंय, आधी दोन मिनिटांच्या पुढे न्या आणि मग मागे आणा. त्यावरून घरात आता दोन गट पडलेत. नवरा मोबाईलवर स्टॉपवॉच लावून शेजारी उभा राहतो आणि बरोबर चाळिसाव्या सेकंदाला दार उघडतो. सासूबाईंना, ज्यांना किरणांची भीती वाटत होती त्यांना, स्टॉपवॉच वगैरे काही लागत नाही. परवा मी त्यांचा चहा आत ठेवला तर देवघरातून आवाज आला, "जास्त फिरवलास गं, केसभर मागे घे." न बघता! मी घेतला मागे, नवरा म्हणाला किती मागे, नक्की आकडा सांग, तर आतून उत्तर आलं, "आता तुझ्यामुळे दोन केस झाले."